स्वमग्न मुले आणि त्यांचे पहिले शिक्षक

सुमारे अठरा वर्षांपूर्वी सुरतेतील एका मराठी शाळेत मी पहिलीचा वर्ग घेत होते. त्या वर्षी धुळे जिल्ह्यातून आलेल्या एका यंत्रमाग कामगाराचा सहा वर्षांचा मुलगा माझ्या वर्गात दाखल झाला. प्रकृतीने सुदृढ, चेहरा तरतरीत. पण हाक मारली तर वळून पाहावयाचा नाही. पाण्याच्या बाटलीचे झाकण जमिनीवर गरगर फिरवावयाचे आणि ते थांबले की पुन्हा फिरवावयाचे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. स्वतःहून एक शब्द बोलत नसे. मात्र मध्येच उधना स्थानकावरील गाड्यांची घोषणा, तिच्यातील हेलासकट, जशीच्या तशी म्हणून दाखवी. शाळेची घंटा झाली की दोन्ही कान गच्च दाबून धरी. वर्गातील मुलांना तो प्रथम गमतीचा आणि पुढे त्रासाचा वाटू लागला. आणि खरे सांगावयाचे तर आम्हा शिक्षकांनाही.

सहामाही परीक्षेनंतर त्याच्या आईला बोलावून घेण्यात आले. ‘तुम्ही घरी याच्याशी बोलत नाही, नुसते लाडावून ठेवले आहे, म्हणून हा असा झाला,’ असे तिला सुनावणाऱ्यांत मीही होते. मुलाला शाळेतून काढून घ्या, हा निरोपही त्याच बैठकीत दिला गेला. ती बाई रडली नाही, भांडलीही नाही. साड्यांना खडे चिकटवून चिकटवून चरबरीत झालेली बोटे पदराला पुशीत तिने एवढेच विचारले, ‘मंग मी याले घरमा काय शिकाडू, बाई?’

याला घरात मी काय शिकवू? या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी एकापाशीही नव्हते.

उत्तर जगात होते. ते कसे सापडले, सापडण्यास इतका काळ का लागला आणि आपल्या वस्तीपर्यंत पोचण्यास त्याहूनही अधिक काळ का लागावा, ही हकीकत श्रोत्यांपुढे ठेवावी असे पुष्कळ दिवस मनात होते.

या मुलांच्या अवस्थेला मराठीत आता स्वमग्नता म्हणतात. शब्द देखणा आहे, पण थोडा फसवा. स्वतःत मग्न म्हटले की एखादा तपस्वी किंवा कवी डोळ्यांसमोर उभा राहतो. ही मुले स्वतःत रमलेली असतातच असे नाही. पुष्कळदा ती भोवतालच्या आवाजाने, गर्दीने, अनपेक्षित बदलाने बेजार झालेली असतात, आणि आपल्याला काय हवे ते दुसऱ्याला कळवावे कसे, हेच त्यांना उमगत नाही. काही मुले मुळीच बोलत नाहीत, तर काही एकाच विषयावर तासन्‌तास बोलतात. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरीणबाईंनी १९२५ सालीच अशा मुलांचे वर्णन करून ठेवले होते. परंतु जगाचे लक्ष वेधले ते १९४३ साली. त्या वर्षी अमेरिकेत बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी आठ मुलगे व तीन मुली अशा अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली.

त्या अकरांतील पहिला मुलगा म्हणजे मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याला कॅनरांकडे नेण्यापूर्वी, १९३८ साली, त्याच्या वकील वडिलांनी टंकलिखित तेहतीस पानांचे पत्र पाठविले होते. मूल केव्हा काय म्हणाले, कशाने चिडले, भांडी कशी फिरविते, कोणते शब्द उलटसुलट वापरते, हे सारे त्यात नोंदलेले. कॅनरांच्या निबंधाचा प्रारंभ याच पत्राच्या आधाराने होतो. म्हणजे जगाचे लक्ष वेधणाऱ्या या निबंधातील पहिली बारकाईची नोंद एका बापाने केली, डॉक्टरने नव्हे. पुढे जे घडले ते पाहता ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कारण पुढे घडले ते असे, की ज्यांनी इतके बारकाईने पाहिले त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. त्याच निबंधात कॅनरांनी एकीकडे म्हटले, की हा दोष मुलाने जन्मतःच बरोबर आणलेला असतो; आणि दुसरीकडे या मुलांच्या आईबापांत मायेचा ओलावा फारसा दिसत नाही, असाही शेरा मारला. काही वर्षांतच त्यांच्या लेखणीतून शीतकपाटाची उपमा उतरली, आणि थंड काळजाच्या आईमुळे मूल गोठते ही समजूत पसरली. शिकागोचे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली ‘रिकामा किल्ला’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहून तिला मोठीच प्रतिष्ठा मिळवून दिली. हे गृहस्थ स्वतः नाझींच्या छळछावणीतून सुटून आलेले. छावणीतील कैदी जसा जगाकडे पाठ फिरवितो तसे हे मूल फिरविते, असे त्यांचे प्रतिपादन. मग छावणीचा पहारेकरी कोण, हे निराळे सांगावयास नकोच. अशा विचाराला उपाय एकच दिसावयाचा, मुलाला आईपासून दूर करणे.

आमच्या शिक्षककक्षात बेटेलहाइमांचे पुस्तक कोणी वाचलेले नव्हते. त्यांचे नावही कोणी ऐकले नव्हते. तरी आम्ही त्या बाईला जे बोललो ते त्यांच्याच मताचे देशी रूप होते. आईला दोष देण्यास ग्रंथ लागत नाहीत.

आता पुन्हा डोनाल्डकडे वळू. त्यालाही वयाच्या चौथ्या वर्षी डॉक्टरांच्या सल्ल्याने घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले होते. वर्षभराच्या आतच आईबापांनी त्याला परत आणले. पुढे १९४२ च्या सुमारास गावापासून दहाएक मैलांवर शेती करणाऱ्या लुईस या दांपत्याकडे त्याला ठेवण्यात आले. त्यांना मानसशास्त्राचा गंधही नव्हता. कॅनर १९४५ साली त्यांच्या शेतावर गेले आणि तेथे जे दिसले त्याने थक्क झाले. मुलाला मोजमापांचे वेड होते. तेव्हा लुईस यांनी त्याला विहीर खणावयास लावले आणि खोली किती झाली ते वेळोवेळी सांग म्हटले. तो मेलेली पाखरे व किडे गोळा करून आणी. त्यांनी त्याला एक कोपरा नेमून दिला, तेथे तो त्यांची थडगी करी आणि प्रत्येकावर नावाची पाटी लावी. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजावयाची त्याला सवय लागली, तेव्हा त्या ओळी नांगरता नांगरता मोज, असे सांगण्यात आले. कॅनरांच्या देखत त्या मुलाने सहा लांबलचक ओळी नांगरल्या आणि प्रत्येक टोकाला घोडा व्यवस्थित वळविला. गावच्या शाळेतही त्याच्या विचित्रपणाकडे काणाडोळा करून त्याला शिकविले जात होते. डोनाल्ड पुढे १९५८ साली पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीस लागला, एकटा देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी मरण पावला.

येथे एक सांगितले पाहिजे. डोनाल्डचे घराणे श्रीमंत होते, ती बँक घरचीच होती. सर्वांना असे लुईस लाभत नाहीत. कॅनरांनी १९७१ साली त्या अकरा मुलांचा मागोवा घेतला तेव्हा आढळले, की मोठ्या सरकारी मनोरुग्णालयांत ज्यांची रवानगी झाली त्यांच्यातील चमक तेथे पार मावळून गेली होती. तरीही लुईस दांपत्याचे शेत मला मोठे बोलके वाटते. त्यांनी मुलाची खोड मोडली नाही. तिला कामाला जुंपले. जिला आम्ही वाटेला लावले ती आईही घरी साड्यांचे खडे रंगांप्रमाणे निवडीत बसत असे, आणि झाकणे फिरविणारा तिचा मुलगा रंग ओळखण्यात वर्गात सर्वांच्या पुढे होता. या दोन गोष्टींची सांगड घालणे आम्हाला सुचले नाही.

आरोपाचे हे मळभ दूर केले तेही आईबापांनीच. लंडनमध्ये १९६२ साली पालकांनी एकत्र येऊन संस्था काढली. तिच्या संस्थापकांत लॉर्ना विंग या स्वतः मनोविकारतज्ज्ञ आणि स्वमग्न मुलीच्या आई होत्या. अमेरिकेच्या नौदलात मानसशास्त्रज्ञ असलेले बर्नार्ड रिमलंड यांचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी उपलब्ध सारे वाङ्मय चाळून १९६४ साली ग्रंथ लिहिला आणि आईबापांवरील आरोपास काडीचाही पुरावा नाही, हे दाखवून दिले. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने तेथील पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या १९६९ च्या सभेत खुद्द कॅनरांनी व्यासपीठावरून आईबापांना निर्दोष ठरविले. सभागृह उठून उभे राहिले म्हणतात. त्यात नवल नाही. पुढे १९७७ साली सुसान फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या एकवीस जोड्या तपासल्या, आणि या अवस्थेचे मूळ आनुवंशिकतेत किती खोल गेले आहे ते स्पष्ट झाले.

परंतु निर्दोष ठरणे निराळे आणि उपयोगी पडणे निराळे. ‘तुमची चूक नाही’ एवढे ऐकून आई घरी गेली, तरी उद्या सकाळी मुलाला अंघोळ घालावयाची ती तिलाच. येथे एरिक शॉपलर यांचे नाव घेतले पाहिजे. जर्मनीतून लहानपणी परागंदा झालेले हे ज्यू गृहस्थ शिकले शिकागो विद्यापीठात, म्हणजे बेटेलहाइमांच्याच छायेत. आणि बरोबर उलट निष्कर्षाला आले. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील चॅपल हिल येथे १९६६ पासून त्यांनी व त्यांचे सहकारी रॉबर्ट रीक्लर यांनी एक प्रयोग मांडला. दोन खोल्यांमध्ये एक काच. एका बाजूने आरसा, दुसऱ्या बाजूने आरपार दिसणारी. आत शिक्षक मुलाला शिकवी आणि काचेमागे बसून आईबाप ते पाहत. नंतर जागांची अदलाबदल व्हावयाची. आई आत जाऊन शिकवी, आणि तज्ज्ञ काचेमागे बसून पाही.

या दुसऱ्या अर्ध्या भागात सारे मर्म आहे. डॉक्टराने सांगावे आणि आईने मान डोलवावी, असे ते नव्हते. आपल्या मुलाविषयी आईला जे ठाऊक आहे ते तज्ज्ञाला ठाऊक नसते, हे येथे गृहीत धरलेले होते. शॉपलर व रीक्लर यांनी १९७१ च्या आपल्या लेखात पालकांना सहचिकित्सक असा दर्जा दिला. या पालकांनी मग राज्याच्या विधिमंडळाचे दरवाजे ठोठावले, आणि १९७२ साली नॉर्थ कॅरोलायनात ही व्यवस्था राज्यभर सरकारी खर्चाने सुरू झाली. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावणे, मोठे काम लहान लहान पायऱ्यांत तोडणे, एक काम संपल्याचे मुलाला डोळ्यांनी दिसेल अशी मांडणी करणे, या तेथे रुजलेल्या युक्त्या आज जगभर वापरल्या जातात. सदरा घालावयास शिकवावयाचे तर सगळी बटणे आपण लावावी आणि शेवटचे तेवढे मुलाकडून लावून घ्यावे. ते जमले की शेवटची दोन. हेही अशांपैकीच. सारा सदरा एकदम शिकवू गेले तर आई आणि मूल दोघेही रडतात.

त्याच काळात कॅलिफोर्नियात इव्हार लोव्हास निराळ्या मार्गाने चालले होते. त्यांच्या पद्धतीबद्दल माझे मत चांगले नाही. प्रारंभीच्या वर्षांत त्यांनी मुलांना थपडा मारल्या, विजेचे झटकेही दिले, आणि तो डाग पुसला जाणार नाही. परंतु १९७३ साली त्यांनी आपल्याच कामाचा जो मागोवा प्रसिद्ध केला, तो प्रामाणिक होता. शिकविलेली मुले जेव्हा संस्थांत परत गेली तेव्हा शिकलेले सारे विसरली. आणि ज्यांच्या आईबापांना शिकवून तयार केले होते त्यांची मुले टिकून राहिली. शिकविणारा घरात नसेल तर शिक्षण घरात शिरत नाही, एवढे या अप्रिय माणसाकडूनही घ्यावे लागते.

आपल्या देशात या गोष्टीची दखल उशिरा घेतली गेली. दिल्लीत मेरी बरुआ या स्वमग्न मुलाच्या आईने १९९१ साली ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था स्थापन केली. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते प्रथम आले आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिला जागा दिली. दिल्लीच्या संस्थेने आईबाप व मूल यांनी मिळून करावयाचा तीन महिन्यांचा वर्ग चालविला, आणि निरनिराळ्या प्रांतांतून कुटुंबे त्यासाठी दिल्लीस जाऊन राहिली. काम मोलाचे, यात शंका नाही. पण यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याने तीन महिने दिल्लीत राहावयाचे म्हणजे तीन महिन्यांची मजुरी सोडावयाची, आणि परत आल्यावर माग दुसऱ्याच्या हाती गेलेला पाहावयाचा.

म्हणून गोव्यात झालेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याची पूर्वपीठिका इंग्लंडमधली आहे. तेथे जोनाथन ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५२ लहान मुलांच्या आईबापांबरोबर एक पद्धत अजमावून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पद्धत साधी होती. आई मुलाशी खेळत असता काही मिनिटांचे चित्रीकरण करावयाचे आणि ते आईसमवेत बसून पाहावयाचे. मुलाने क्षणभर वळून पाहिले, हात पुढे केला, पण घाईत आपल्याला ते दिसलेच नाही, असे क्षण त्यात शोधावयाचे. मग आईने हुकूम कमी करावे, वाट पाहण्यास शिकावे, मूल जेथे पाहत आहे तेथे आपण पाहावे आणि त्याविषयीच एखादा शब्द बोलावा. प्रथम निष्कर्ष बेताचे होते. आईबाप व मुले यांचा मेळ सुधारला, मात्र मूळ लक्षणांत फारसा उतार दिसला नाही. सुमारे सहा वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा पाहिले तेव्हा लक्षणांची तीव्रताही कमी झालेली आढळली. ते २०१६ साली जाहीर झाले.

गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या ‘संगात’ या संस्थेने ही पद्धत आपल्याकडील घरांना जुळेल अशी बेतली. गौरी दिवाण त्या कामाच्या अग्रभागी होत्या, आणि सीमेपलीकडे रावळपिंडीतही तोच प्रयोग एकाच वेळी चालला. दोन ते नऊ वर्षांची एकूण पासष्ट मुले त्यात होती. शिकविणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते. खास तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. पंधरवड्यास एक याप्रमाणे सहा महिन्यांत बारा बैठका झाल्या. निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात आले. आईबापांचे मुलाशी वागणे अधिक सुसंवादी झाले आणि मूल आपणहून संवाद सुरू करू लागले. एका मोजमापात, दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर एकत्र टिकण्यात, उलट घट दिसली, तीही त्यांनी लपविली नाही. मुले थोडी, काळ थोडा. एवढ्यावरून जग जिंकल्याचा आव आणू नये. पण महागड्या तज्ज्ञावाचून आणि दूरच्या शहरात मुक्काम केल्यावाचून आईला शिकविता येते, हे आपल्याच किनाऱ्यावरच्या गावांत दिसून आले.

सुरतेत आम्हा मराठी मंडळींचा एक प्रश्न आणखी आहे, तो भाषेचा. ताप्तीकाठच्या रेल्वेने नंदुरबार, अमळनेर, धुळ्याकडून येथे आलेल्या घरांत अहिराणी बोलली जाते, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी आणि बाजारात गुजराती. मूल बोलत नाही असे दिसताच सल्ला मिळतो, की घरची भाषा बंद करा, एकच भाषा ठेवा. हा सल्ला मीही एकेकाळी दिला आहे. दोन भाषा ऐकणारी स्वमग्न मुले एकच भाषा ऐकणाऱ्या स्वमग्न मुलांच्या मागे पडतात, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. मोडक्यातोडक्या गुजरातीत आईने मुलाला काय म्हणून खेळवावे? जी भाषा बोलताना तिला विचार करावा लागत नाही, तीच त्या मुलाच्या कामाची.

दुसरी भीती मला अशी वाटते, की आईला शिकविले म्हणजे झाले, असे म्हणून बाकीचे सारे हात झटकतील. बाप पाळीवरून येऊन झोपेल, सासू म्हणेल मामाही उशिराच बोलला होता, आणि शाळा म्हणेल आता तुम्ही शिकलाच आहात, घरीच ठेवा. २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या, ठराविक प्रमाणाहून अधिक दिव्यांगता असलेल्या मुलाला विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळा-अंगणवाड्यांतून होणाऱ्या तपासणीत स्वमग्नताही येते, आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रांची योजना आहे. घरातील शिक्षण हे यांच्या जोडीला आहे; यांच्या बदली नव्हे. आम्ही त्या मुलाला घरी पाठविले ती चूक, आईला काय शिकवावे हे सांगता आले असते तरीही, चूकच राहिली असती.

पुढच्या जूनमध्ये मी त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा ते कुटुंब तेथून निघून गेले होते. शेजाऱ्यांना पत्ता ठाऊक नव्हता. तो मुलगा आता चोविशीचा असेल. तिने मला विचारले होते त्याचे उत्तर तिच्यापर्यंत आता पोचावयाचे नाही. परंतु असा मुलगा घरी असलेली दुसरी कोणी हे ऐकत वा वाचीत असेल, तिला ते सांगते.

रोज दहा मिनिटे काढा. दूरदर्शन संच बंद करा. झाकण फिरवीत असेल तर हिसकावून घेऊ नका. समोर बसा, दुसरे झाकण घ्या आणि तुम्हीही फिरवा. ते फिरू लागले की तुमच्या बोलीत एकच शब्द म्हणा, थांबले की दुसरा. आणि मग गप्प राहून वाट पाहा. हे गप्प राहणेच सर्वांत अवघड जाते. पहिल्या दिवशी तो मान वर करणार नाही, कदाचित पहिल्या महिन्यातही नाही. जवळ एक वही ठेवा, आणि ज्या दिवशी तो आपले झाकण आपणहून तुमच्या हातात देईल त्या दिवसाची तारीख तीत लिहून ठेवा.